खेळ घडवणाऱ्याचे यंत्र

तयार सदरा विकत घेणे आणि शिंप्याला माप देऊन तो शिवून घेणे, यांत जो फरक आहे तोच दुकानातून बंद खोक्यातला संगणक उचलणे आणि एकेक भाग निवडून तो जोडून घेणे यांत आहे. चांगला शिंपी कापड पाहण्याआधी विचारतो, ‘कशासाठी हवाय? रोजच्या वापराला, की लग्नकार्याला?’ संगणक जोडून घेणाऱ्यालाही पहिला प्रश्न हाच पडायला हवा. प्रत्यक्षात तो फार कमी वेळा विचारला जातो.

मी संगणकशास्त्र शिकवतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या मुलांत एक बदल दिसतो. यातल्या बऱ्याच जणांना गेम नुसते खेळायचे नसतात, तयार करायचे असतात. सोबत आई किंवा वडील असतात आणि त्यांचा प्रश्न अगदी सरळ असतो : ‘सर, एवढे पैसे घालायचेच आहेत, तर ते नेमके कशात घालू?’ लाख-सव्वा लाखाचा खर्च हा मध्यमवर्गीय घरात गमतीचा विषय नसतो. दरपत्रकाकडे बोट दाखवून मी उत्तर देऊ शकतो. पण दरपत्रक सहा महिन्यांत जुने होते. हा प्रश्न तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ज्यांनी प्रत्यक्ष सोडवला, त्यांची गोष्ट मात्र जुनी होत नाही. म्हणून आज मी ती सांगणार आहे.

त्याआधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. संगणकाचे सुटे भाग वेगवेगळ्या दुकानांतून आणून जोडता येतात, हे आपण गृहीतच धरले आहे. ते तसे व्हायलाच हवे होते असे मुळीच नाही. १२ ऑगस्ट १९८१ रोजी न्यूयॉर्कमध्ये आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखालच्या एका लहान गटाने तो सुमारे वर्षभरात उभा केला होता. वेळ कमी होता, म्हणून आयबीएमने आपल्या परंपरेला सोडून बहुतेक भाग बाहेरून घेतले. प्रोसेसर इंटेलचा, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, फ्लॉपी ड्राइव्ह टँडनचे. आत नवी कार्डे बसवायला पाच खाचा ठेवल्या आणि यंत्राच्या जोडणीचे आराखडे छापील पुस्तकात सर्वांना उपलब्ध करून दिले. आयबीएमच्या हक्काची म्हणावी अशी महत्त्वाची गोष्ट एकच उरली होती, ती म्हणजे यंत्र सुरू होताना चालणारा ‘बायोस’ हा छोटा प्रोग्रॅम.

तेवढ्या एका कुलपाची किल्ली कॉम्पॅक या नव्या कंपनीने बनवली. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या तिघांनी १९८२ मध्ये ही कंपनी काढली. बायोसची नक्कल करणे हा कायद्याने गुन्हा ठरला असता. म्हणून त्यांनी काम दोन गटांत विभागले. एका गटाने मूळ प्रोग्रॅम काय काय करतो याची नुसती यादी केली. मूळ प्रोग्रॅम कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या यादीवरून नवा प्रोग्रॅम लिहिला. पुढे १९८४ मध्ये फिनिक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीने असाच बायोस तयार करून तो कोणालाही विकायला सुरुवात केली. मग तैवानमध्ये मदरबोर्ड बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या, सिंगापूरच्या क्रिएटिव्ह या कंपनीने १९८९ मध्ये ‘साउंड ब्लास्टर’ हे ध्वनीचे कार्ड आणले आणि संगणक हे एका कंपनीचे उत्पादन न राहता बाजारपेठेचे उत्पादन झाले. १९८७ मध्ये आयबीएमने नवी, बंदिस्त रचना आणून हे दार पुन्हा लोटायचा प्रयत्न केला; पण तोवर ग्राहक दाराबाहेर निघून गेले होते.

आता खेळांकडे वळू. हा पीसी खेळांसाठी बनलेलाच नव्हता. पडद्यावरचे दृश्य सलग, झुळझुळीत सरकवण्याची सोय निन्टेंडोच्या खेळयंत्रात होती, कमोडोर ६४ मध्ये होती; पीसीमध्ये ती धड नव्हती. सप्टेंबर १९९० मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, श्रीव्हपोर्ट या गावी, सॉफ्टडिस्क नावाच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या जॉन कारमॅक या विशीतल्या तरुणाने त्यावर तोड काढली. पडद्याचा जेवढा भाग खरोखर बदलला आहे तेवढाच पुन्हा रंगवायचा, बाकीचा तसाच ठेवून सरकवायचा. युक्ती ऐकायला साधी वाटते. पण तिच्यामुळे मारिओसारखा धावता खेळ साध्या पीसीवर शक्य झाला.

या युक्तीवर ‘कमांडर कीन’ हा खेळ उभा राहिला आणि डिसेंबर १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. कारमॅक, जॉन रोमेरो, टॉम हॉल आणि एड्रियन कारमॅक या मंडळींकडे तेव्हा स्वतःची पुरेशी चांगली यंत्रे नव्हती. ते शुक्रवारी नोकरीच्या ठिकाणचे संगणक गाडीत घालून तळ्याकाठच्या आपल्या भाड्याच्या घरी न्यायचे, शनिवार-रविवार रात्रंदिवस काम करायचे आणि सोमवारी यंत्रे पुन्हा जागेवर नेऊन ठेवायचे. ही गोष्ट उघड झाली तेव्हा तडजोड म्हणून त्यांना आपल्या आधीच्या मालकासाठी काही खेळ करून द्यावे लागले. मी हे त्या उसनवारीचे कौतुक म्हणून सांगत नाही. सांगायचे आहे ते इतकेच की, पहिला खेळ करण्यासाठी जगातले उत्तम यंत्र लागत नाही. जे खेळणाऱ्याकडे आहे तेच यंत्र पुरते. शिकणाऱ्यांच्या पालकांनी हे वाक्य खिशात जपून ठेवावे.

१ फेब्रुवारी १९९१ रोजी या मंडळींनी ‘इड सॉफ्टवेअर’ ही स्वतःची कंपनी काढली. १९९२ च्या मे महिन्यात ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ आला, गाजला, पैसे आले. आणि मग कारमॅकने एक असा निर्णय घेतला, जो वरवर पाहता उधळपट्टीचा वाटावा. पुढचा खेळ पीसीवर चालणार होता. पण तो तयार करण्यासाठी त्याने पीसी घेतलाच नाही. त्याने ‘नेक्स्ट’ घेतला.

ॲपलमधून बाहेर पडल्यावर स्टीव्ह जॉब्स यांनी नेक्स्ट ही कंपनी काढली होती. १९८८ मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या यंत्राची किंमतच साडेसहा हजार डॉलर होती. व्यापारात ते यंत्र चालले नाही. पण ज्यांना काहीतरी घडवायचे होते त्यांना ते मोहवून टाकत असे. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न प्रयोगशाळेत १९९० मध्ये वर्ल्ड वाइड वेब घडवले तेही नेक्स्टवरच.

मग असे काय होते त्यात? तीन गोष्टी सांगतो. पहिली, पडदा. नेक्स्टच्या पडद्यावर आडवे ११२० आणि उभे ८३२ ठिपके मावत. ‘डूम’ हा त्यांचा खेळ चालणार होता ३२० बाय २०० ठिपक्यांत. म्हणजे एका कोपऱ्यात खेळ, शेजारी नकाशा आणि त्याशेजारी प्रोग्रॅमच्या ओळी असे सगळे एकाच वेळी डोळ्यांपुढे ठेवता येई. दुसरी, सुरक्षितता. तेव्हाच्या पीसीवर डॉस ही कार्यप्रणाली होती. प्रोग्रॅममध्ये एखादी चूक राहिली की सबंध यंत्र गोठायचे आणि बटण दाबून पुन्हा सुरू करावे लागायचे. नेक्स्टमध्ये युनिक्सचा पाया होता. चुकलेला प्रोग्रॅम तेवढा पडे, यंत्र चालू राही. दिवसातून पन्नासदा चुका करणे हाच ज्याचा व्यवसाय आहे, त्याला या फरकाचे मोल कळते. तिसरी गोष्ट, हत्यारे बनवण्याची सोय. रोमेरोने नकाशे रेखाटण्यासाठी ‘डूमएड’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला, तो नेक्स्टच्या तयार साधनांमुळे फार लवकर उभा राहिला. खेळाचा गाभा सी या भाषेत लिहिला असल्यामुळे तो नेक्स्टवरही चालवून पाहता येई आणि नंतर डॉससाठीही तयार करता येई.

१० डिसेंबर १९९३ रोजी डूम प्रसिद्ध झाला. त्याला चालण्यासाठी ३८६ प्रोसेसर आणि चार मेगाबाइट मेमरी एवढेच पुरत होते. म्हणजे बनवणाऱ्यांनी वापरले हजारो डॉलरचे यंत्र, आणि ग्राहकाकडे मागितला मात्र साधा घरगुती पीसी. गंमत अशी की, त्याच वर्षाच्या सुरुवातीला नेक्स्टने यंत्रे बनवणेच बंद केले होते. ज्या यंत्रावर डूम जन्मला ते यंत्र बाजारातून गेले, आणि ज्या यंत्रासाठी तो जन्मला ते घरोघरी पोहोचले.

इथे आजच्या विषयाचा गाभा आहे. खेळणाऱ्याचे यंत्र आणि घडवणाऱ्याचे यंत्र या दोन वेगळ्या गरजा आहेत. खेळणाऱ्याला चित्र सुंदर आणि वेगवान हवे असते. घडवणाऱ्याला त्याहीपेक्षा एक गोष्ट अधिक हवी असते : बदल केल्यापासून त्याचा परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी हवा असतो.

पुढच्या खेळाने हे आणखी स्पष्ट केले. ‘क्वेक’ २२ जून १९९६ रोजी आला आणि तो खरोखर त्रिमितीय होता. साध्या पीसीला इतकी आकडेमोड झेपणार कशी? इड सॉफ्टवेअरने ती आधीच करून ठेवायचे ठरवले. खोलीतल्या कोणत्या जागेवरून कोणत्या भिंती दिसू शकतात आणि कुठे किती उजेड पडतो, याचा हिशेब खेळ तयार करतानाच एकदा मांडून नकाशासोबत साठवला. आपल्याकडे गृहिणी सणाच्या आदल्या रात्रीच पुरण वाटून ठेवते, तसे हे. पाने मांडल्यावर फक्त लाटायचे आणि वाढायचे. पण हे वाटण करायला वेळ लागतो. नकाशा करणाऱ्याने एक भिंत हलवली की सगळा हिशेब पुन्हा. म्हणून इड सॉफ्टवेअरने या कामासाठी चार अल्फा प्रोसेसरांचे जबर यंत्र घेतले. त्याच सुमाराला कारमॅकच्या टेबलावर इंटरग्राफ कंपनीचा २८ इंची मॉनिटर होता. १९२० बाय १०८० ठिपक्यांचा, दोन माणसांनी उचलावा असा. आज हा आकार कोणत्याही साध्या मॉनिटरचा असतो, पण ती गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची आहे.

क्वेकने आणखी एक धडा दिला, आणि तो सुटे भाग निवडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. त्या काळी इंटेलच्या पेंटियमला सायरिक्स कंपनीच्या ६एक्स८६ प्रोसेसरची स्पर्धा होती. कार्यालयीन कामांत सायरिक्स उत्तम चाले. म्हणूनच १३३ मेगाहर्ट्‌झच्या आपल्या प्रोसेसरला कंपनीने ‘१६६ प्लस’ असे नाव दिले होते, १६६ च्या पेंटियमशी बरोबरी सांगण्यासाठी. किंमतही कमी. मग क्वेक आला. या खेळाला दशांश अपूर्णांकांची आकडेमोड सतत लागे. मायकेल अब्रॅश आणि कारमॅक यांनी त्याचा गाभा पेंटियमच्या अंगच्या गुणांवर बेतला होता. दर सोळा ठिपक्यांमागे एक भागाकार करायचा, आणि पेंटियम तो भागाकार मागे करत असताना पुढे ठिपके रंगवत राहायचे. सायरिक्सची दशांशाची बाजू लंगडी होती. पत्रके टाइप करताना जो प्रोसेसर पेंटियमला मागे टाकी, तो क्वेकमध्ये धापा टाकू लागला. भाग वाईट नव्हता. कामाशी त्याची गाठ चुकली होती. खोक्यावरचा आकडा त्या भागाबद्दल थोडेफार सांगतो, पण आपल्या कामाबद्दल त्याला काहीच ठाऊक नसते.

याच सुमाराला ग्राफिक्स कार्डांचे युग सुरू झाले. एसजीआय या कंपनीच्या महागड्या यंत्रांवर काम केलेल्या काही अभियंत्यांनी १९९४ मध्ये ‘थ्रीडीएफएक्स’ काढली. त्यांचे ‘व्हूडू’ कार्ड १९९६ मध्ये आले. ते साधी चित्रे दाखवतच नसे. त्यासाठी जुने कार्ड ठेवावे लागे आणि एक छोटी वायर जुन्या कार्डातून व्हूडूत, व्हूडूतून मॉनिटरकडे न्यावी लागे. जानेवारी १९९७ मध्ये क्वेकची या कार्डावर चालणारी आवृत्ती मोफत मिळू लागली, आणि लोकांनी पहिल्यांदा पाहिले की एका खाचेत एक कार्ड बसवल्याने सबंध यंत्राची जात बदलते. १९८१ मध्ये आयबीएमने घाईघाईत ठेवलेल्या त्या पाच खाचांचे हे फळ होते.

पण थ्रीडीएफएक्सने पुढे आयबीएमचाच कित्ता गिरवला. १९९८ च्या अखेरीस तिने एसटीबी ही कार्डे बनवणारी कंपनी विकत घ्यायचे ठरवले आणि आपल्या चिपची कार्डे आपणच बनवायची, इतरांना चिप द्यायच्या नाहीत असे धोरण धरले. इतर कार्ड उत्पादक १९९३ मध्ये स्थापन झालेल्या एनव्हिडियाकडे वळले. डिसेंबर २००० मध्ये थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियालाच विकायचे जाहीर केले. सुट्या भागांच्या बाजारात जो दार बंद करतो, तो बहुतेकदा स्वतःच आत कोंडला जातो.

आपल्याकडे हे सारे कसे पोहोचले? मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळ डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे. लोक त्याला अजून लॅमिंग्टन रोडच म्हणतात. रेडिओ आणि टीव्हीच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेला हा रस्ता नव्वदच्या दशकात संगणकाच्या भागांचा झाला. १९८४ च्या संगणक धोरणाने आयातीची वाट थोडी मोकळी केली होती. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणकावरचे आयात शुल्क टप्प्याटप्प्याने शून्यावर आले. ‘असेंबल्ड’ हा शब्द याच काळात मराठी घरांत रुळला. कंपनीचा नको, असेंबल्ड घेऊ, दहा हजार वाचतील, हा संवाद कोणत्या घरात झाला नसेल? कागदावर भागांची यादी घेऊन दुकानादुकानांतून भाव विचारत फिरणारे बाप आणि मुलगे ही त्या रस्त्याची ओळख होती. पुढे खेळ घडवण्याचा व्यवसायही इथे आला. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ मध्ये पुण्यातला स्टुडिओ घेतला आणि २०१८ मध्ये मुंबईत दुसरा उघडला. म्हणजे माझ्यासमोर बसलेल्या मुलांचे स्वप्न निव्वळ हवेतले नाही.

आता इतिहासाची शिकवण आजच्या यादीला लावून पाहू. क्वेकच्या नकाशांसाठी चार प्रोसेसरांचे यंत्र लागले. आज एकाच प्रोसेसरमध्ये आठ, बारा, सोळा गाभे असतात. नुसते खेळायचे असेल तर त्यांतले बरेचसे रिकामे बसतात. पण अनरियलसारख्या मोठ्या इंजिनवर प्रोग्रॅम बांधताना हे सगळे गाभे एकाच वेळी राबतात. म्हणून घडवणाऱ्याने प्रोसेसरमध्ये हात आखडता घेऊ नये. मेमरीचेही तेच. इंजिन, चित्रे काढण्याचा प्रोग्रॅम, त्रिमितीय आकृत्यांचा प्रोग्रॅम आणि दहा-वीस टॅब उघडे असलेला ब्राउझर हे सगळे एकत्र चालते. माझ्या मते सोळा गिगाबाइट ही सुरुवात आणि बत्तीस ही सोय. हजारो लहान फायली सतत वाचाव्या लागतात, म्हणून साठवणीसाठी वेगवान एसएसडी हवी. मॉनिटर एक मोठा घेण्याऐवजी दोन मध्यम घेतले तरी चालतात. नेक्स्टच्या पडद्याचे काम ते करतात. ग्राफिक्स कार्ड मात्र सर्वांत महागडे घ्यायची गरज नाही, आणि मुले नेमकी तिथेच अडून बसतात.

आणि पॉवर सप्लाय! यादीत तो सर्वांत शेवटी असतो आणि पैसे तिथेच वाचवले जातात. २००० च्या आसपास जगभरच्या मदरबोर्डांवरचे निकृष्ट कपॅसिटर फुगून फुटू लागले होते. पाच-दहा रुपयांच्या भागाने हजारोंचे यंत्र बंद पडले. वीज शुद्ध आणि स्थिर देणारा भाग दिसत नाही, त्याची जाहिरातही कोणी करत नाही, पण बाकी सगळे त्याच्या जिवावर उभे असते.

भावांबद्दलही थोडे. हा बाजार जगाशी जोडलेला असल्याने दूरच्या घटना आपल्या यादीपर्यंत येतात. जुलै १९९३ मध्ये जपानमधल्या निहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. तिथे चिपच्या आवरणासाठी लागणारी राळ बनत असे, आणि मेमरीचे भाव चढले. २०११ मध्ये थायलंडच्या पुराने हार्ड डिस्क महागल्या. २०२१ मध्ये आभासी चलनाच्या मागणीमुळे आणि चिपच्या टंचाईमुळे ग्राफिक्स कार्डे मिळेनाशी झाली. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांनी मेमरी ओढून घेतली आणि तिचे भाव भडकले. अशा वेळी सगळे एकदम घेण्याचा हट्ट धरू नये. जोडून घेतलेल्या यंत्राचा खरा फायदा हाच की, आज दोनपैकी एकच मेमरीची पट्टी लावली तरी दुसरी जागा पुढच्या वर्षासाठी रिकामी राहते.

शेवटी राहिली ती यादीत नसलेली वस्तू. डूमच्या कर्त्यांनी नेक्स्टवर काम केले, पण त्यांचा खेळ यशस्वी झाला तो साध्या पीसीवर चालला म्हणून. आपल्या देशात बहुतेक लोक गेम खेळतात ते मोबाइलवर, आणि तोही बेताच्या किमतीच्या. तेव्हा नव्या यंत्राच्या शेजारी घरातला जुना, रेंगाळत चालणारा संगणक आणि एखादा तीन-चार वर्षे वापरलेला फोन जरूर ठेवावा. आपला खेळ रोज संध्याकाळी त्यावर चालवून पाहावा. तिथे तो अडखळला, तर दोष फोनचा नाही. ज्यांना एवढा खर्च झेपत नाही त्यांनीही नाराज होऊ नये. गोडो नावाचे मोफत आणि खुले इंजिन २०१४ पासून सर्वांसाठी उपलब्ध आहे, आणि द्विमितीय खेळ त्यावर साध्या संगणकातही उत्तम करता येतो. श्रीव्हपोर्टच्या त्या मुलांकडे सुरुवातीला यापेक्षा जास्त काही नव्हते. होते ते इतकेच, की कोणत्या यंत्रावर लोक खेळणार आहेत हे त्यांना नेमके ठाऊक होते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)